योगवर्गात सर न विचारता पाठ दाबतात. चालतं का तुम्हाला?

जुळेवाली
नमस्कार मंडळी. आमच्या जुळे सोलापुरात पहाटे साडेपाचचा योगवर्ग आहे. एवढ्या लवकर का, तर एप्रिलमध्ये सात वाजून गेले की त्या पत्र्याच्या हॉलमध्ये कुणालाच बसवत नाही. वर्ग चांगला आहे, सर मनापासून शिकवतात, फीही बेताची. बायका जास्त, थोडे निवृत्त काका, दोन-तीन कॉलेजची पोरं.

अडचण एकच. पश्चिमोत्तानासनात, म्हणजे पाय लांब करून बसून, मी पुढे वाकले की सर मागून येतात आणि पाठीवर दोन्ही हात ठेवून अंगाचा भार टाकतात. "सोडा, सोडा, अजून जातंय." आधी काही विचारणं नाही, सांगणं नाही. त्रिकोणासनात कंबर धरून फिरवतात. सर्वांगासनात पाय वर ओढतात. हे सगळ्यांनाच करतात, काकांनाही. त्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. हे आधीच लिहिते, नाहीतर धागा तिकडेच वाहत जाईल.

तर प्रश्न दोन. आसन नीट यायला असा हात लावावाच लागतो का? आणि नको असेल तर सरांना वाईट न वाटता सांगायचं कसं? शेजारच्या वहिनींना विचारलं तर म्हणाल्या, "एवढं काय त्यात, वडिलांसारखे आहेत." माझ्या वडिलांनी माझी पाठ कधी दाबलेली मला आठवत नाही.

का_बे
"सोडा, सोडा" आमचे सरही म्हणायचे. मी सोडला. क्लास.

निवृत्त_मास्तर
ताई, राग मानू नका, पण हल्ली प्रत्येक गोष्टीचा बाऊ होतो. आम्ही तालमीत वाढलो. उस्तादांनी पाय धरून मल्लखांबावर फिरवलं नसतं तर आयुष्यात उलटं लटकता आलं नसतं. विद्या अंगात यायची तर गुरूचा हात अंगावर पडणारच. पुस्तक वाचून आणि मोबाइल बघून आसनं येत असती तर क्लास कशाला लागले असते? सर भार टाकतात म्हणजे तुमच्यावर मेहनत घेतात. नाहीतर आजकाल फी घेऊन खुर्चीत बसणारेच जास्त.

गड्ड्याचा_पाळणा
वाचतोय. मास्तर आले म्हणजे धागा शंभरी गाठणार.

तालीम_संघ
मास्तर, मीही मल्लखांब केलाय, पुढे पोरांना शिकवलाही. तिथे धरतो तो पोरगं पडू नये म्हणून. हात खाली असतो, पोरगं सुटलं तर झेलायला. त्याची झेप त्यानेच घ्यायची असते. जुळेवालींचे सर धरत नाहीत, ढकलतात. पश्चिमोत्तानासनात माणूस आधीच जमिनीवर बसलेला असतो हो, तो पडणार कुठे?

नवीपेठ
"पडणार कुठे" :D

मला मात्र सरांचा हात आवडतो. शवासनात ते खांदे हलकेच जमिनीकडे दाबतात ना, त्या पाच सेकंदांसाठी मी बाकीचा तास काढतो. दिवसभर दुकानात उभं राहून खांदे कानाला लागलेले असतात. आपोआप खाली येतच नाहीत.

विजापूर_वेस
@नवीपेठ, आणि मला नेमकं तेच नको असतं. डोळे मिटून पडलेय, पावलं जवळ येताहेत, आता माझ्यापाशी थांबणार का, या विचारात माझं शवासन संपतं.

हाडवैद्य_नव्हे
मी फिजिओथेरपिस्ट आहे. योगवर्गातून आलेले रुग्ण बघते म्हणून लिहिते. आसनांविरुद्ध माझं काही म्हणणं नाही, मी स्वतः करते.

मांडीच्या मागचे स्नायू बैठकीच्या हाडापासून सुरू होतात. पुढे वाकताना सगळ्यात जास्त ताण त्या जोडावर येतो. आता हे स्नायू काय करतात, तर अचानक ओढले गेले की उलट आकसतात. तुम्ही मुद्दाम करत नाही, मज्जारज्जूच्या पातळीवर ते होऊन जातं. याला स्ट्रेच रिफ्लेक्स म्हणतात. म्हणजे सर वरून दाबताहेत, स्नायू खालून विरोध करताहेत आणि मध्ये सापडतो तो जोड. तिथे इजा झाली की बरी व्हायला महिने लागतात. तोवर खुर्चीवर, गाडीवर, कुठेही बसलं की बुडाखाली दुखतं. अशा लोकांचं पहिलं वाक्य ठरलेलं: "दाबल्यावर 'टक' झालं, सर म्हणाले मोकळं झालं."

दुसरं, पाळी थांबलेल्या बायकांची हाडं. ठिसूळ पाठीवर पुढे वाकण्याचा जोर आला की मणक्याची पुढची बाजू दबून चेपते. १९८४ चा एक छोटा पण प्रसिद्ध अभ्यास आहे, पाळी गेलेल्या आणि मणके ठिसूळ झालेल्या ५९ बायकांचा. ज्यांना पुढे वाकायचे व्यायाम दिले त्यांच्यापैकी ८९ टक्के जणींच्या मणक्यांत नवी मोड किंवा चेप दिसली. मागे वाकायचे व्यायाम दिले त्यांच्यात १६ टक्के. अभ्यास लहान आहे, शेवटचा शब्द नाही. पण तिथे कुणी वरून दाबतही नव्हतं, एवढं लक्षात घ्या.

तिसरं, पद्मासन. खुब्याच्या खोबणीचा आकार प्रत्येकाचा वेगळा. काहींचं हाड हाडाला टेकतं आणि विषय संपतो. त्यापुढे गुडघा दाबला तर खुबा वळत नाही, गुडघ्यातली गादी पिळली जाते. "रोज थोडं दाबा, बसेल" हे अशा माणसाला सांगणं म्हणजे गुडघा घालवणं.

म्हणून पहिल्या प्रश्नाचं माझ्यापुरतं उत्तर: दिशा दाखवायला बोट पुरतं. भार टाकायची गरज कधीच नसते.

का_बे
च्यायला. माझं पण 'टक' झालं होतं.

विडी_घरकुल
पद्मासनावरून आठवलं. माझी आई आयुष्यभर विड्या वळत आली, मांडी घालून, मांडीवर सूप, दिवसभर. तिला मी पहिल्यांदा योगाला नेलं तर वज्रासन, पद्मासन, मलासन सगळं पहिल्याच दिवशी. मॅडम थक्क. पण हात डोक्यावर नेऊन मागे वाका म्हटलं तर खांदे जागचे हलेनात. मॅडमनी मागून दंड धरले आणि ओढले. आई माझ्याकडे बघून तेलुगूत जे बोलली ते इथे लिहिता येणार नाही.

हुतात्मा_एक्सप्रेस
मी काही वर्षं दर महिन्याला पुण्याला शिकायला जात होतो, म्हणून थोडा इतिहास.

हा दाबादाबीचा प्रकार सगळ्या योगात पूर्वीपासून होता असं समजू नका. आज जगभर जे चालतं त्याचा मोठा भाग म्हैसूरच्या राजवाड्यातल्या कृष्णम्माचार्यांच्या योगशाळेतून आला. काळ १९३० च्या आसपासचा. शिष्य बहुतेक सगळे मुलगे, प्रात्यक्षिकं दाखवायची, शिस्त कडक. तिथून दोन मोठे शिष्य निघाले, बी.के.एस. अय्यंगार आणि पट्टाभी जोइस. अय्यंगार १९३७ ला पुण्यात आले. तयारी नसताना गुरूच्या आज्ञेवरून प्रात्यक्षिकात हनुमानासन केलं आणि मांडीचे स्नायू फाटले, हे त्यांनी स्वतःच सांगितलेलं आहे. पुढे ते स्वतःही कडक म्हणूनच ओळखले गेले. त्यांच्या आद्याक्षरांचा 'बीट, किक, स्लॅप' असा अर्थ विद्यार्थीच गमतीने लावायचे. पण त्याच माणसाने भिंतीचे दोर, पट्टे, लाकडी विटा, खुर्च्या, लोड असं सगळं आसनात आणलं. म्हणजे जे काम हात करतो ते पट्ट्याने होतं, आणि पट्टा किती ओढायचा ते ज्याचं त्याच्या हातात राहतं. मला त्यांचं हे काम सगळ्यात मोठं वाटतं.

जोइस यांच्या बाबतीत वेगळं. ते २००९ ला वारले. त्यानंतर त्यांच्या जुन्या विद्यार्थिनी पुढे आल्या. कॅरेन रेन यांनी २०१७ मध्ये उघडपणे लिहिलं की आसन सुधारण्याच्या नावाखाली आपल्यावर लैंगिक अत्याचार झाला. इतर बायकाही बोलल्या. २०१९ मध्ये नातू शरथ जोइस यांनी त्याबद्दल जाहीर माफी मागितली. त्या खोलीत दुसरे विद्यार्थी बघत असायचे. सगळ्यांना वाटायचं, गुरुजी आहेत, काहीतरी कारण असणार.

निवृत्त_मास्तर
एका माणसाच्या वागण्यावरून सगळ्या शिक्षकांना एका रांगेत उभं करू नका. जुळेवालींनी पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलंय, सरांच्या हेतूबद्दल शंका नाही.

विजापूर_वेस
मास्तर, शंका नाही म्हणूनच तर बोलता येत नाही. शंका असती तर क्लास सोडून मोकळ्या झाल्या असत्या. चांगल्या माणसाला 'नको' म्हणणं जास्त अवघड असतं.

तालीम_संघ
+१

परदेशी_सोलापूरकर
इकडे काही वर्गांत दाराशी छोट्या चकत्या ठेवलेल्या असतात. एक उचलायची आणि चटईच्या टोकाला ठेवायची. एक बाजू वर असली तर हात लावा, दुसरी असली तर नको. मध्येच मन बदललं तर उलटी करायची. कुणाला काही बोलावं लागत नाही.

का_बे
आपल्याकडे रुमाल टाकायचा. एसटीत खिडकीतून टाकतो तसा. रुमाल दिसला की जागा रिझर्व्ह, हात लावायचा नाही.

गड्ड्याचा_पाळणा
आणि कंडक्टर रुमाल उचलून म्हणणार, कुणाचाय रे हा, पुढे सरका.

चटई
मी शिकवते. बरीच वर्षं. का_बे हसण्यावारी बोलले, पण रुमालाचा प्रयोग मी वर्गात केलाय. फसला. दुसऱ्याच आसनाला लोकांनी त्याच रुमालाने घाम पुसला आणि कुठेतरी टाकून दिला. सोलापूरच्या मे महिन्यात रुमालाचं दुसरं काय होणार?

"कुणाला हात लावलेला चालणार नाही?" असं सगळ्यांसमोर विचारणंही कामाचं नाही. चाळीस बायकांत एक हात वर होत नाही. मग मी पद्धत बदलली. सुरुवातीला सगळ्यांना बालासनात घेते, कपाळ जमिनीवर, कुणी कुणाला बघत नाही. तेव्हा सांगते की आज ज्यांना हात नको त्यांनी एक तळहात वर करून ठेवा. पहिल्या दिवशी जवळजवळ निम्म्या वर्गाचे तळहात वर. त्यात अशाही होत्या ज्यांना मी वर्षानुवर्षं हात लावत आलेय आणि त्या हसून "बरं वाटलं मॅडम" म्हणायच्या. मी गप्प झाले.

आता मी काय करते ते सांगते. आधी तोंडाने. त्यातही "कंबर सरळ" असं मोघम नाही, तर "डाव्या पायाची टाच भिंतीकडे ढकला". शिक्षकाला नीट बोलता येत नाही तेव्हा तो हात वापरतो, हे माझं स्पष्ट मत आहे. मग स्वतः करून दाखवते. मग साधन. तरी राहिलंच तर विचारून, समोरून, दिसेल अशा जागी, एक-दोन बोटं. मागून कधीच नाही. आणि कालचं 'हो' आज धरायचं नाही. पाळी असते, कंबर धरलेली असते, घरी भांडण झालेलं असतं.

साधनासाठी पुण्याला जायची गरज नाही. आपली सोलापुरी चादर घ्या, तिला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालंय, जरा कामालाही लावा. चौपदरी घडी करून बैठकीच्या हाडांखाली ठेवा, ओटीपोट आपोआप पुढे कलतं. टेरी टॉवेल तळव्यांभोवती टाकून दोन्ही टोकं धरा आणि कोपरं वाकवत या. पश्चिमोत्तानासन झालं. पाठीवर कुणी बसायची गरज नाही. डोकं गुडघ्याला लागलं नाही तर कुणाचं काही बिघडत नाही. पतंजलींनी आसनावर जेमतेम तीन सूत्रं लिहिली. 'स्थिरसुखमासनम्', म्हणजे आसन स्थिर आणि सुखाचं असावं, आणि लगेच पुढे प्रयत्न सैल करण्याची गोष्ट. कपाळ कुठे टेकवायचं ते त्यांनी लिहिलेलं नाही.

पुढचं नंतर लिहिते. आज आमच्याकडे पाण्याचा दिवस आहे.

नवीपेठ
पाण्याचा दिवस म्हणजे आज शहरात कुणाचाच योग नाही. सगळ्यांचं घागरासन.

विडी_घरकुल
@चटई, चादर नवी घ्यायची की जुनी चालेल? नवी फार घसरते.

चटई
जुनी, पाचपन्नास वेळा धुतलेली. मयूरपंखीची नक्षी उडाली असली तरी चालेल.

सात_रस्ता
एक बाजू राहतेय. आमच्या वर्गाला मॅडम आहेत आणि त्या आम्हा पुरुषांना बिनधास्त दाबतात. मला मणक्याचा त्रास आहे, मी नको म्हणालो तर "अहो लाजताय काय" म्हणून सगळा वर्ग हसला. त्यानंतर मी परत कधी बोललो नाही. पुरुषाने नको म्हटलं की तो विनोद होतो.

कायद्याचं_बोला
विषय निघालाच आहे तर सांगून ठेवतो. जुळेवालींच्या सरांसाठी नाही, इतर कुणी वाचत असेल तर त्यांच्यासाठी. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाचा २०१३ चा कायदा फक्त नोकरदार बायकांपुरता आहे असा समज आहे. तसं नाही. त्या ठिकाणी आलेली बाई, म्हणजे विद्यार्थिनीसुद्धा तक्रार करू शकते. जिथे दहापेक्षा कमी माणसं कामाला आहेत तिथे संस्थेची स्वतःची समिती नसते, अशांसाठी जिल्ह्याची स्थानिक समिती असते. मुदत घटनेपासून तीन महिने, योग्य कारण असेल तर वाढवून मिळते. शिवाय फौजदारी मार्ग आहेच. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, जुन्या दंड संहितेतल्या विनयभंगाच्या कलम ३५४ च्या जागी आता कलम ७४ आहे. 'आसन सुधारत होतो' एवढं म्हटल्याने सुटका होत नाही. पण चुकून लागलेला हात आणि हे यात फरक आहे, ऊठसूट कलमं काढू नका.

पूर्वभाग
नमस्कार. नातवाकडून टाइप करून घेतोय. मी अशोक चौकाकडचा. उभं आयुष्य यंत्रमागावर गेलं, त्या खडखडाटात कान गेले. बायको म्हणाली गुडघे धरलेत, योगाला जावा. गेलो. सर काय सांगतात ते मला अर्धं पण ऐकू येत नाही. शेजारचा काय करतो ते बघून करायचं तर आसनात मान वाकडी होते. सर जवळ येऊन खांद्याला हात लावतात, कोपर उचलून दाखवतात, तेव्हा मला कळतं. हात लावू नका असा नियम झाला तर माझ्यासारख्याने काय करायचं? आमच्या भागात माझ्यासारखे खूप आहेत. सगळेच मागावरचे.

हाडवैद्य_नव्हे
काका, तुम्ही लिहिलंत ते फार महत्त्वाचं आहे. माझं पहिलं उत्तर जरा घाईचं वाचलं जाईल, म्हणून जोडते: हात बंद करा असं नाही, भार बंद करा. तुमचे सर कोपर उचलून दाखवतात, तो हात सांगण्यासाठी आहे. ज्यांना दिसत नाही त्यांना तर आसन हातानेच शिकवतात.

चटई
काका, अशा लोकांना मी पहिल्या ओळीत घेते आणि तोंड त्यांच्याकडे करून बोलते. आसन सुरू व्हायच्या आधीच खुणा ठरवून घेतो. माझा तळहात खाली म्हणजे खांदा खाली, मूठ आवळली म्हणजे गुडघा घट्ट. तुमच्या सरांना सांगून बघा. हात लागेलच, पण मग तो अवचित येणार नाही.

निवृत्त_मास्तर
काकांचा प्रतिसाद आवडला. मी तेच म्हणत होतो.

तालीम_संघ
मास्तर, तुम्ही भार टाकण्याला मेहनत म्हणत होतात. वर जाऊन वाचा.

निवृत्त_मास्तर
वाचलं. चटई मॅडमची बालासनाची युक्ती चांगली आहे. आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात २१ जूनची तयारी सुरू आहे, तिथे सुचवतो. मात्र आमच्यातले निम्मे बालासनात गेले की उठायला कुणाचा तरी हात लागतोच, त्याला परवानगी घेत बसलो तर दुपार होईल.

गड्ड्याचा_पाळणा
:D :D मास्तर फॉर्मात.

विजापूर_वेस
मूळ प्रश्न राहिला हो. सांगायचं कसं?

चटई
वर्गाच्या बाहेर, आधी. आसनात असताना नाही. आणि कारण शरीराचं द्या असा सल्ला लोक देतात, म्हणजे "कंबर दुखते म्हणून". मला तो पटत नाही. कंबर बरी झाली की हात परत येतो. सरळ म्हणा, "सर, मला हात न लावता सांगा, मी तोंडी सांगितलेलं लवकर पकडते." चांगला शिक्षक असेल तर त्याला यात अपमान वाटायचं कारण नाही.

जुळेवाली
सगळे प्रतिसाद वाचले, घरी मोठ्याने वाचूनही दाखवले. चटईताईंचं वाक्य जसंच्या तसं सरांना मेसेज केलं. लगेच उत्तर आलं, "ठीक आहे मॅडम." तोवर मला ते ताई म्हणायचे.

पुढचे काही दिवस सर माझ्याकडे फिरकलेच नाहीत. आजूबाजूच्या सगळ्यांना सांगायचे, माझ्या चटईपाशी आले की मान वळवून पुढे. वहिनी म्हणाल्या, "बघ, रुसले." मग मी वर्ग सुटल्यावर थांबले आणि म्हटलं, सर, हात नको म्हटलं होतं, शिकवणं नको असं नाही. ते म्हणाले, "मला ज्यांनी शिकवलं त्यांनी असंच शिकवलं. तोंडाने कसं सांगायचं ते मला कुणी शिकवलंच नाही." मला त्यावर काही बोलता आलं नाही.

आता सांगतात. हॉलच्या दुसऱ्या टोकावरून, खणखणीत आवाजात. "ताई, उजवा गुडघा! ताई, बाहेर चाललाय!" अख्ख्या बॅचला माझा उजवा गुडघा पाठ झालाय. इतरांची पाठ दाबणं चालूच आहे, पण परवा एका काकूंना आधी "दाबू का?" विचारलं. त्या म्हणाल्या, "दाबा की, त्यासाठीच तर येते." चादरीची घडी घेऊन बसते. फरक आहे.

का_बे
काकूंना ५९ बायकांचा अभ्यास वाचायला द्या.

जुळेवाली
दिला. म्हणाल्या, माझी हाडं शेंगा-भाकरीची आहेत.

हाडवैद्य_नव्हे
काकूंचं वय साठच्या पुढे असेल तर हाडांची घनता एकदा तपासून घ्यायला सांगा, भाकरी कुठलीही असो. तोवर सरांना एवढंच सांगा, त्यांना वरून दाबायचं नाही. त्यांनी 'दाबा की' म्हटलं तरी.